आग मागे, बंब पुढे

एप्रिल लागला आणि रस्त्याकडेच्या बर्फाचे शेवटचे काळे ढीग वितळले की नेपरव्हिलच्या आपल्या मंडळींत एक प्रश्न फिरायला लागतो. कुणी वीस-पंचवीस वर्षांची टोयोटा फोररनर घेतलेली असते, कुणी जुनी जीप चेरोकी. मागे लावायला छोटा कॅम्पर, नाहीतर बोट. मेमोरियल डेच्या आत सगळं तयार हवं. मग विचारणा होते: "टोइंग करायचंय, पुढचे ब्रेक कोणते टाकू?" उत्तरंही ठरलेली. टुंड्राचे कॅलिपर टाक. जाड डिस्क टाक. खाचांची डिस्क टाक. स्टीलच्या जाळीचे होज टाक. एक शनिवार, ड्राइव्हवेत दोन जॅकस्टँड, एखादा मित्र हाताशी आणि दोन वेळा चहा, की काम फत्ते.

या सल्ल्याशी माझं भांडण आहे. सल्ला देणारे आपलेच, हुशार आणि मदतीला धावणारे लोक आहेत, म्हणून तर ते जाहीरपणे मांडायला हवं. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: ट्रेलरला स्वतःचे चालू ब्रेक बसल्याशिवाय गाडीच्या पुढच्या ब्रेकवर एक डॉलरही खर्च करू नका. ओझं मागे आहे आणि इलाज पुढे चाललाय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आपल्या आजीने जणू यासाठीच राखून ठेवली होती.

आधी मोठ्या ब्रेकची बाजू नीट मांडू, कारण त्यात तथ्य आहे. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं यंत्र. माणसं आणि सामान धरून पाच हजार पौंडांची गाडी ताशी ६५ मैलांवरून थांबवली, तर साधारण तीन लिटर पाणी घरातल्या तापमानापासून उकळीला आणेल एवढी उष्णता तयार होते. मागे २,९०० पौंडांचा ट्रेलर लावला की तोच आकडा साडेचार लिटरवर जातो. उतारावर तर विचारूच नका. हे सगळं वजन शंभर मीटर उंचीवरून खाली आणायचं आणि इंजिनाने व हवेने काहीच उचललं नाही असं धरलं, तर ब्रेकवर येणारी उष्णता त्या एका थांबण्याच्या दुपटीहून जास्त भरते. जाड डिस्क ही उष्णता जास्त साठवते, मोठं पॅड ती जास्त जागेत पसरवतं. म्हणून पुन्हा पुन्हा ब्रेक मारल्यावर पेडल टिकून राहतं. तिसऱ्या पिढीच्या फोररनरला, म्हणजे १९९६ ते २००२ च्या गाड्यांना, पहिल्या पिढीतल्या शेवटच्या वर्षांच्या टुंड्राचे कॅलिपर आणि डिस्क बसवतात त्या याच कारणाने. बोल्ट जुळतात, डस्ट शील्ड थोडी कापावी किंवा वाकवावी लागते, पंधरा इंची रिम चालत नाही. काम शहाणपणाचं आहे, उष्णतेपुरतं.

आता हे ब्रेक काय करत नाहीत ते बघू. आपल्यातले निम्मे लोक इंजिनिअरिंग शिकलेले. पहिल्या वर्षाला सगळ्यांनी फ्री बॉडी डायग्राम काढलेला आहे. तो इथे काढा. गाडीला थांबवणारं बल कुठून येतं? कॅलिपरमधून नाही, टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून. तुमचे आत्ताचे, कंपनीतून आलेले ब्रेक जोरात दाबल्यावर एबीएस थरथरतं का? थरथरत असेल तर त्याचा अर्थ असा की ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. त्यापुढे कॅलिपरला चार पिस्टन असोत की चौदा, एका जोरदार थांब्यात गाडी एक फूटही आधी थांबणार नाही.

आणि ट्रेलरला ब्रेक नसतील तर? मग त्याचं सगळं वजन तुमच्या चार टायरांनी थांबवायचं. त्या टायरांवर दाब मात्र असतो फक्त गाडीच्या वजनाचा, अधिक ट्रेलरच्या दांडीचा हिचवर येणारा भार, म्हणजे टंग वेट. २,९०० पौंडांच्या ट्रेलरचा हा भार साडेतीनशे पौंडांच्या आसपास धरू. कोरड्या चांगल्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.८ घ्या. एकटी गाडी ६५ मैलांवरून सुमारे १७५ फुटांत थांबते. ब्रेक नसलेला ट्रेलर मागे असताना तीच गाडी, तेच टायर, वाटतील तेवढे मोठे ब्रेक, आणि अंतर सुमारे २६० फूट. ८५ फूट जास्त. हे अंतर ब्रेक लागल्यापासूनचं आहे; डोळ्यांनी पाहून पाय पेडलवर जाईपर्यंत कापलेली वाट वेगळी.

८५ फूट ऐकायला फार वाटत नाहीत. म्हणून याच गणिताची दुसरी बाजू पाहा. एकटी गाडी ज्या ठिकाणी पूर्ण थांबली असती, त्या ठिकाणी ट्रेलरवाली गाडी अजून ताशी ३७ मैलांच्या आसपास धावत असते. रूट ५९ वर सिग्नलला उभ्या असलेल्या मिनीव्हॅनच्या मागच्या बंपरपाशी ३७ मैल. त्या व्हॅनच्या तिसऱ्या रांगेत कोण बसलंय हे तुम्हाला माहीत नसतं. हा आकडा टुंड्राच्या कॅलिपरने बदलत नाही, खाचांच्या डिस्कने बदलत नाही, लाल रंगाने तर नाहीच. तो एकाच गोष्टीने बदलतो: ट्रेलरची चाकं स्वतः ब्रेक मारू लागली तर. तेव्हा ट्रेलरचं वजन ट्रेलरच्या टायरांवरच थांबतं, आणि हिशोब पुन्हा १७५ फुटांच्या दिशेने सरकतो. अगदी तिथपर्यंत पोचेलच असं नाही, पण ते ३७ मैल उरत नाहीत.

अजून एक गंमत, जी फारशी गमतीची नाही. टंग वेट मागच्या आसाच्याही मागे, हिचवर पडतं. तराफ्याच्या एका टोकावर उभं राहिलं की दुसरं टोक उचलतं, तशी गाडी मागे बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. म्हणजे आपण पैसे ओततोय ते ज्या आसाची पकड कॅम्परने आधीच कमी केली आहे त्यावर. ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं हे खरं, पण झुकायची सुरुवातच कमी वजनावरून होते. शिवाय मास्टर सिलिंडर जुनाच ठेवून पुढे मोठे पिस्टन लावले की पेडल थोडं खोल जातं आणि ब्रेकचा तोल पुढच्या बाजूला झुकतो. मागची चाकं, ज्यांच्यावर आता भार वाढला आहे आणि जी जास्त काम करू शकली असती, ती त्या मानाने रिकामी राहतात.

बऱ्याच जुन्या टोयोटांत यावर कंपनीने उपाय दिलेला आहे. मागच्या आसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याला जोडलेला एक दांडा. मागे भार पडून गाडी बसली की दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. हुशार व्यवस्था आहे. पण आपले लोक गाडी दोन-तीन इंच उचलतात, दांड्याची जागा तशीच ठेवतात, आणि मग व्हॉल्व्हची कायमची समजूत होते की मागे काही सामान नाही. मीठ खाऊन तो गंजून अडकलेलाही असतो. पुढे हजार डॉलरचे ब्रेक आणि मागे अडकलेला व्हॉल्व्ह, अशा गाड्या आपल्या ड्राइव्हवेंत उभ्या आहेत.

सरळ रस्त्यावर जास्त अंतर लागेल एवढंच असतं तर एक वेळ म्हटलं असतं, लांब राहा. वळणावर प्रश्न वेगळा होतो. टोलवेवरून उतरणाऱ्या गोल रॅम्पवर जोरात ब्रेक मारला, की गाडी थांबू पाहते आणि ब्रेक नसलेला ट्रेलर तिला मागून ढकलतो. ढकलण्याची दिशा आणि गाडीच्या तोंडाची दिशा एक नसते. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि दोघं मिळून खिशातल्या चाकूसारखे मिटतात. रस्ता ओला असेल तर याला फारसा वेगही लागत नाही. इथे पुढचे ब्रेक जितके कडक, तितका धक्का मोठा. म्हणजे ज्या वस्तूवर तुम्ही सुरक्षिततेसाठी खर्च केलात, तीच नेमक्या वाईट क्षणी विरुद्ध पक्षाला जाऊन मिळते.

मी काही नवा शोध लावलेला नाही. ओढणाऱ्याने सगळ्यांसाठी थांबायचं की प्रत्येकाने आपापलं थांबायचं, हा वाद रेल्वेने सव्वाशे वर्षांपूर्वी माणसं गमावून मिटवला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माजवळ मुलांच्या सहलीची गाडी चढावर अडकली. इंजिनाला सगळे डबे ओढवेनात म्हणून गाडी दोन भागांत तोडली. मागच्या डब्यांना आपोआप लागणारे ब्रेक नव्हते. ते उताराने मागे घरंगळले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी जीव गेले, त्यांत बरीच मुलं. ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी कायदा केला की प्रवासी गाडीच्या प्रत्येक डब्याला ब्रेक हवा, आणि डबा तुटला तर तो आपोआप लागायला हवा.

१८९३ म्हटलं की आपल्याला शिकागो आणि स्वामी विवेकानंद आठवतात. त्याच वर्षी, सर्वधर्म परिषदेच्या सहा महिने आधी, अमेरिकेच्या काँग्रेसने रेल्वेसाठी असाच कायदा केला. तोपर्यंत मालगाड्यांच्या टपांवरून ब्रेकमन नावाची माणसं, बर्फ असो की वारा, एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत हाताने चाकं फिरवून ब्रेक लावत. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या एअर ब्रेकचं पहिलं पेटंट १८६९ चं. पण कायदा होईपर्यंत कंपन्या खर्चाची कारणं सांगत राहिल्या. कुणीही रेल्वे इंजिनिअर तेव्हा असं म्हणाला नाही की डब्यांना ब्रेक कशाला, इंजिनालाच मोठे लावू. तो मूर्खपणा कळायला त्यांना एक चढ पुरला. आपल्याला फोररनर आणि कॅम्परच्या बाबतीत तो अजून कळायचा आहे.

आणि नेपरव्हिलकरांनी तर दुसरा धडाही विसरू नये. २५ एप्रिल १९४६ च्या दुपारी आपल्या स्टेशनजवळ, लूमिस स्ट्रीटपाशी, शिकागोहून निघालेली एक एक्सप्रेस डब्यांखालची तपासणी करायला थांबली होती. त्याच रुळावर काही मिनिटांच्या अंतराने दुसरी एक्सप्रेस ताशी ऐंशी मैलांच्या आसपास वेगाने येत होती. तिच्या प्रत्येक डब्याला ब्रेक होते, चालकाने ते लावलेही. जागा पुरली नाही. ४५ माणसं मेली. पुढच्याच वर्षी नियम निघाला की आपोआप थांबवणारी किंवा केबिनमध्ये सिग्नल दाखवणारी यंत्रणा नसलेल्या रुळांवर ८० मैल किंवा त्याहून जास्त वेगाने गाडी चालवायची नाही. आजही देशातल्या कितीतरी मार्गांवर प्रवासी गाड्यांना ७९ मैलांची मर्यादा आहे ती त्यामुळे. स्टेशनजवळ त्या अपघाताचं स्मारक शिल्प आहे. मेट्राने कामाला जाणाऱ्यांपैकी किती जण थांबून बघतात कोण जाणे. मुद्दा हा की ब्रेक कितीही चांगले असले तरी शेवटचा प्रश्न अंतर आणि वेग यांचाच असतो. ६५ ऐवजी ५५ ने गेलात तर थांबवायची ऊर्जा तीस टक्क्यांच्या जवळपास कमी होते, आणि त्याला एक पैसा पडत नाही.

आता "पण कायद्याने तर चालतं" या युक्तिवादाकडे येऊ. इलिनॉयमध्ये सामान धरून ३,००० पौंडांपेक्षा जास्त वजनाच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. म्हणून आपल्याकडे २,९०० पौंडांचे कॅम्पर लोकप्रिय. वर दिलेलं गणित मी मुद्दाम त्याच वजनाचं केलं. शंभर पौंडांनी कायदा बदलतो, ८५ फूट बदलत नाहीत. आणि ते २,९०० तरी खरे असतात का? पाण्याच्या टाक्या, गॅसचं सिलिंडर, कूलर, चार सायकली, आणि आईने आग्रहाने भरलेला पोळ्या-भाजीचा डबा. वजनकाट्यावर नेऊन बघा. महामार्गांवरच्या बऱ्याच मोठ्या ट्रक स्टॉपांवर काटे असतात आणि थोडक्या डॉलरांत वजन करून मिळतं.

युरोपात आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या वाचकांना हा वाद विचित्र वाटत असेल. तिकडे ब्रेकशिवायच्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो, म्हणजे साधारण १,६५० पौंड. इथल्या गाड्यांच्या मालक-पुस्तिका उघडल्यात तर कित्येक जुन्या फोर-बाय-फोरच्या पुस्तिकांत हजार पौंडांपासूनच ट्रेलरला ब्रेक लावा असं छापलेलं दिसेल. फोररनरची ओढण्याची क्षमता पाच हजार पौंड आहे असं आपण छाती फुगवून सांगतो. तो पाच हजारांचा आकडा ट्रेलरला ब्रेक आहेत असं गृहीत धरून दिलेला असतो. मोठा आकडा वाचायचा आणि खालची ओळ सोडायची, याला वाचन म्हणत नाहीत.

सरकार बघेल, असंही कुणी समजू नये. इलिनॉय राज्यात खासगी गाडीची नियमित सुरक्षा तपासणी नाही. दर दोन वर्षांनी आपण एमिशन टेस्टला जातो, ते १९९६ आणि त्यानंतरच्या गाडीच्या पोर्टमध्ये केबल लावून कॉम्प्युटर वाचतात आणि कागद देतात. पुण्याला पेट्रोल पंपावरच्या टपरीत पीयूसी काढतात, त्याचीच ही मोठी भावंडं. धूर तपासला, ब्रेक कुणी पाहिला नाही. गाडी पास झाली या शब्दांवर गाडी थांबेल असा अर्थ चढवू नका. तुमच्या गाडीच्या ब्रेकचे निरीक्षक तुम्हीच आहात.

मग करायचं काय? क्रम सांगतो, आणि हा क्रम चुकवू नका.

पहिलं, आहे ते मूळ स्थितीत आणा. वीस-पंचवीस हिवाळे मीठ खाल्लेली गाडी आहे ही. कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का, पिस्टन आत जातात का, मागचे ड्रम आणि लायनर कसे आहेत, ते बघा. रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतात आणि आतून सुजून दाब अडवतात. वय झालं असेल तर बदलूनच टाका. सगळ्यात महत्त्वाच्या म्हणजे गाडीच्या पोटाखालून मागे जाणाऱ्या लोखंडी ब्रेक लाइन्स. २०१५ साली राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने जनरल मोटर्सच्या जुन्या ट्रकांमधल्या गंजलेल्या लाइन्सची चौकशी रिकॉल न करता बंद केली, आणि मालकांनाच सांगितलं की गाडीचं पोट धुवा, लाइन्स तपासा. म्हणजे जबाबदारी फिरून आपल्याच अंगणात. नव्या लाइन्स तांबं-निकेलच्या घ्या. त्या हाताने वळतात आणि मिठाला दाद देत नाहीत. मोठे कॅलिपर बसवताना जुन्या लाइनचा नट गंजून तुटतो आणि मग लोकांना लाइन्सची अवस्था कळते. आधीच बघा की.

दुसरं, ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ ताजं असताना २०५ अंश सेल्सियसला उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर मानकाप्रमाणे १४० पर्यंत घसरलेलं चालतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उतारावर कॅलिपर तापलं, आतलं ऑइल उकळलं, की वाफ दबते आणि पेडल स्पंजासारखं जमिनीला टेकतं. ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर ते आजच बदला, चारही चाकांची एअर नीट काढा. बऱ्याच जणांना जे "ब्रेक कमी पडतात" असं वाटतं, ते इथेच अर्धं बरं होतं. पॅड घेताना खोक्यावरचं चित्र बघू नका, पॅडच्या कडेवरची दोन अक्षरं बघा. पहिलं अक्षर थंडपणीच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरच्या. ई पेक्षा एफ जास्त, एफ पेक्षा जी. तापल्यावर अक्षर उतरत असेल तर ते पॅड टोइंगचं नाही.

तिसरं, आणि हाच या लेखाचा गाभा, ट्रेलरचे ब्रेक. साडेतीन हजार पौंडी आसावर बहुधा ब्रेक बसवायची चौकोनी फ्लँज आधीपासून असते. तिच्यावर दहा इंची इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक चार-पाच बोल्टांनी बसतात. हब बदलून ड्रमवाले घ्यावे लागतात. आतमध्ये एक चुंबक असतं. वीज मिळाली की ते फिरत्या ड्रमला चिकटू पाहतं, त्या ओढीने दांडा हलतो आणि लायनर पसरतात. ती वीज देणारा कंट्रोलर डॅशबोर्डखाली बसतो. घेताना प्रपोर्शनल जातीचा घ्या, जो तुम्ही किती जोरात ब्रेक मारताय हे ओळखून तेवढीच वीज सोडतो. नुसता ठरावीक वेळेने वीज वाढवणारा स्वस्त प्रकार टाळा. जुन्या गाडीला बहुधा चार तारांचं चपटं कनेक्टर असतं, ते सात पिनांचं करावं लागतं आणि बॅटरीपासून जाड वायर आणावी लागते. शेवटी ब्रेकअवे स्विच: ट्रेलर हिचवरून निसटला तर दोरीने पिन निघते, ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीतून वीज जाते आणि ट्रेलर स्वतः थांबतो. आर्माला नेमकं हेच नव्हतं.

चौथं, पाय आणि डोकं. पश्चिम घाटात एसटी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, घाट उतरताना तो कशावर विसंबतो. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे तिथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आपण मात्र ऑटोमॅटिकमध्ये ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून, पाय ब्रेकवर ठेवून बाराबूच्या टेकड्या उतरतो आणि खाली पोचल्यावर जळका वास आला की म्हणतो, ब्रेक लहान आहेत. ओव्हरड्राइव्ह बंद करायचं बटण गिअरच्या दांड्यावरच असतं.

हे चारही झालं, ट्रेलर स्वतः थांबतोय, आणि तरी तुम्हाला मोठे टायर लावून डोंगराळ भागात जायचंय? मग खुशाल टाका टुंड्राचे कॅलिपर. मी स्वतः जॅक धरायला येईन. पाचव्या क्रमांकावर ते उत्तम काम आहे. पहिल्या क्रमांकावर ते स्वतःची फसवणूक आहे, कारण त्या नंतर पेडल कडक लागतं, चाकातून चकचकीत डिस्क दिसते, आणि प्रश्न सुटला असं मनाला पटतं. न सुटलेला प्रश्न सुटल्यासारखा वाटणं, हे न सुटण्यापेक्षा वाईट.

आक्षेप मला माहीत आहेत. "वायरिंगची कटकट कोण करणार?" कॅलिपर बदलायला जो दिवस देता, त्याहून फार जास्त वेळ लागत नाही; आणि जमत नसेल तर हिच बसवून देणारं कुठलंही दुकान हे करून देतं. "ट्रेलरचे ब्रेक बंद पडले तर गाडी एकटीने थांबवू शकली पाहिजे ना?" बरोबर, म्हणून तर आधी गाडीचे ब्रेक मूळ स्थितीत आणायला सांगितलं. पण कधीतरी बंद पडतील म्हणून ते बसवायचेच नाहीत, हा कुठला न्याय? "इलिनॉय सपाट आहे." आहे. मधेच घुसणारी गाडी, रस्त्यावर आलेलं हरीण आणि टोलवेवर अचानक तुंबलेली रांग सपाट रस्त्यावरच भेटतात. "मी सांभाळून चालवतो." तुम्ही सोडलेल्या अंतरात दुसरा कुणी गाडी घालतो तेव्हा तुमच्या सांभाळण्याचा उपयोग त्यालाच होतो.

एक गोष्ट थोडी कडू आहे, पण बोलतो. आपण दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च करतो. कॅलिपर चाकातून दिसतं, त्याचा फोटो काढता येतो, गणपतीच्या जेवणाला पार्किंगमध्ये चार जण वाकून बघतात. कॅम्परच्या आसावरचा काळा ड्रम कुणी वाकून बघत नाही. डॅशखालच्या डबीला कुणी वाहवा म्हणत नाही. आणि मागच्या सीटवर मात्र पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा आणि दोन पोरं बसलेली असतात, ज्यांनी तुमच्या अभियांत्रिकीवर विश्वास टाकलेला असतो. त्यांनी आणि पुढच्या मिनीव्हॅनमधल्या अनोळखी कुटुंबाने तुमच्याकडून चकचकीत डिस्क मागितलेली नाही. वेळेत थांबा, एवढंच मागितलंय.

म्हणून यंदा निघण्याआधी एक करा. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या, सपाट पार्किंग लॉटमध्ये ट्रेलर जोडून जा. ताशी वीस-पंचवीस मैलांवर या. ब्रेकच्या पेडलला पाय लावू नका. कंट्रोलरवरचा हाताचा खटका सरकवा. ट्रेलरने मागून गाडीला धरून ओढलं पाहिजे, इतकं की सगळा लवाजमा त्याच्या जोरावर मंदावेल, आणि चाकं घासत न जाता. घासली तर गेन कमी करा, ओढ जाणवली नाही तर वाढवा. मग थांबून ब्रेकअवेची पिन काढा आणि गाडी हळूच पुढे घ्यायचा प्रयत्न करा; ट्रेलरची चाकं अडून राहिली पाहिजेत. पिन लगेच परत लावा, नाहीतर छोटी बॅटरी उतरेल. दहा मिनिटांचं काम.

आणि खटका सरकवून काहीच झालं नाही, किंवा सरकवायला खटकाच नसेल, तर डेव्हिल्स लेकची जागा कितीही महिने आधी आरक्षित केलेली असो, कॅम्पर घरी ठेवा. तंबू घ्या, डिकीत टाका आणि जा. तळं तेच आहे.